लाइव्ह चॅसिसला अर्थिंग जोडू नका

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या चॅसिसवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) टेस्टर पेटतो, प्लग उलटा केला की विझतो, आणि वायरमन म्हणतो, 'थ्री-पिन लावून चॅसिसला अर्थ देऊन टाका.' तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. कृपा करून अर्थ देऊ नका. चॅसिसवर फेज आली तर सरळ शॉर्ट, न्यूट्रल आली तर आरसीसीबी (गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) पडणार.

तुम्ही दिलेले व्हॉल्व्हचे नंबर (यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५) पाहिले की उलगडा होतो. 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअरचे हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा), सगळे सिरीजमध्ये, एकापाठोपाठ एक. यूएल ८४ ला ४५ व्होल्ट, यूवाय ८५ ला ३८, बाकीच्यांना त्यांचे त्यांचे, आणि उरलेलं व्होल्टेज जाड रेझिस्टर खातो. मेन ट्रान्सफॉर्मर नाहीच. एसी आणि डीसी दोन्ही सप्लायवर चालावा म्हणून असा सेट बनवायचे, त्यामुळे मेनची एक वायर थेट चॅसिसवर येते. तुमच्या सेटमध्ये बिघाड नाही. बाहेरचं खोकं, नॉब आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकण हेच त्याचं इन्सुलेशन. म्हणून झाकण हरवलेला सेट प्लगला लावायचा नाही.

प्लग 'बरोबर' बाजूने लावला की झालं, असं मात्र समजू नका. पुष्कळ सेटमध्ये व्हॉल्यूमवरचा स्विच चॅसिसच्याच वायरमध्ये असतो. चालू असताना चॅसिसवर न्यूट्रल असते, आणि बंद केलात की हीटरच्या साखळीतून तिथे फेज पोहोचते. मला पहिला शॉक असाच, बंद रेडिओचा बसला. व्हॉल्यूमच्या नॉबला बाजूने एक बारका स्क्रू असतो, तो चॅसिसला लागलेल्या धातूच्या दांड्यावर टेकतो. त्याच्या भोकात कंपनी मेण भरायची. माझ्या सेटमधलं मेण सुकून गळून गेलं होतं आणि बोट नेमकं तिथे टेकलं. तेव्हापासून सेट हातात आला की मी आधी नॉबची भोकं बघतो. शक्यतो नायलॉनचा स्क्रू घाला, नाहीतर स्क्रू खोल बसवून वर मेण भरा. खोक्याच्या तळाशी चॅसिस धरणारे स्क्रूही तसेच झाका.

स्विच फेजच्या वायरमध्ये आणा आणि न्यूट्रल थेट चॅसिसला द्या. फेजमध्ये फ्यूज टाका. प्लग थ्री-पिनच घ्या, कारण तो उलटा बसत नाही. अर्थची पिन रिकामी सोडा. आपल्याकडे सॉकेटकडे तोंड केलं की फेज उजवीकडे असायला हवी. पण जुन्या घरात कुणी काय जोडलंय सांगता येत नाही, तेव्हा सॉकेट तपासूनच घ्या. या सगळ्यानंतरही खोक्याचं इन्सुलेशन लागतंच.

आता एरियल आणि अर्थचे सॉकेट. त्यांच्या आणि चॅसिसच्या मधल्या जुन्या कागदी कंडेन्सरवर भरवसा ठेवू नका. तेवढ्याच पिकोफॅरडचा वाय वर्गाचा (अशा जागेसाठीच बनवलेला सुरक्षित कंडेन्सर) लावा. १००० पिकोफॅरडमधून २३० व्होल्टला जेमतेम ०.०७ मिलिअँपिअर करंट जातो, तो अंगाला जाणवत नाही. जुना शॉर्ट झाला तर मात्र एरियलच्या तारेवर पूर्ण मेन येईल. मेनच्या दोन वायरींमधला कंडेन्सर एक्स२ (त्या जागेसाठीचा सुरक्षित वर्ग) घ्या. पिकअपच्या (ग्रामोफोनच्या) सॉकेटला मोबाइल जोडायचा विचार असेल तर तो सोडा, त्या सॉकेटची वायरही चॅसिसला जोडलेली असू शकते.

टेबलावर उघडून काम करताना २३० ला २३० चा, १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (ज्याची आत येणारी आणि बाहेर जाणारी वाइंडिंग, म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी, एकमेकींना जोडलेली नसते) हवाच. स्टॅबिलायझर किंवा व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) चालत नाही, त्यांच्या आतून वायर सलग गेलेली असते. दुकानात मल्टिमीटरने प्रायमरी-सेकंडरी तपासा, कंटिन्युइटी दिसली तर घेऊ नका. सेकंडरीला अर्थ देऊ नका. आणि या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे आरसीसीबी तुम्हाला वाचवणार नाही, म्हणून एक हात खिशात ठेवूनच मोजा. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, तो रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि शून्य झाला का ते मोजा.

सगळं बसवून झालं की प्लग सॉकेटबाहेर ठेवून फेज-न्यूट्रलच्या पिना एकत्र बांधा, स्विच चालू करा आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) पिना आणि बाहेरून हात लागेल अशा प्रत्येक धातूमध्ये लावा: नॉब, तळाचे स्क्रू, एरियल, अर्थ. कुठे रीडिंग कमी आलं तर ते इथे लिहा, सेट तोवर प्लगला लावू नका.