साताऱ्यात कमी खर्चात बाळासाठी कापडी लंगोट वापरायला सुरुवात कशी करावी?

महागडा तयार संच घेऊ नये. घरातील वापरून मऊ पडलेल्या सुती साडीचे किंवा धोतराचे 24 ते 30 लंगोट शिवावेत आणि रात्रीसाठी व प्रवासासाठी तेवढे दोन-तीन जलरोधक कापडी डायपर विकत घ्यावेत. नवजात बाळ दिवसातून दहा-बारा वेळा लंगोट ओला करते, त्यामुळे एवढे नग लागतातच. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी मी हेच केले. चौकोनी कापडाची त्रिकोणी घडी घालून मधोमध चार पदरी पट्टी ठेवावी (मुलगा असल्यास पुढून जाड), नाडी दोन बोटे सहज जातील इतकी सैल बांधावी आणि नाळ गळेपर्यंत लंगोट बेंबीच्या खालीच ठेवावा. शी लागलेला लंगोट लगेच गार पाण्यात खळबळून मग साध्या साबणाने धुवावा व कडक उन्हात वाळवावा. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्याचा थर बसला की कापड ओल शोषून घेत नाही. अडचण येते ती पावसाळ्यात: जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागांत, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट लंगोटाने बाळाच्या जांघेत पुरळ उठते, म्हणून बाळंतपण त्या सुमारास असल्यास दहा-बारा लंगोट जास्त शिवावेत आणि प्रत्येकावर इस्त्री फिरवूनच ते बाळाला बांधावेत.