नोकरी सोडून संत्र्याच्या धंद्यात उतरताय?

पंचेचाळिशीत आवड सापडली म्हणून लगेच राजीनामा देऊ नका. नागपुरी संत्र्याचे बहार दोन: आंबियाची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची साधारण फेब्रुवारी-मार्च. आधी अन्न नोंदणी (FSSAI) करून घ्या आणि नोकरी सांभाळत दोन्ही बहारांत सुट्टीच्या दिवशी स्क्वॅश करून विका. फळाचा भाव नागपूरच्या कळमना बाजारात स्वतः जाऊन बघा. दहा-वीस किलो संत्री सोलून झाल्यावरही पुढच्या रविवारी हात शिवशिवत असतील, तर आवड खरी.

नवखे अडतात ते कडवटपणापाशी. काढल्या काढल्या रस गोड लागतो, पण काही तासांत कडू होतो. तापवला तर आणखी लवकर. बिया आणि पांढरा पापुद्रा चिरडला की त्यांतला एक घटक रसात उतरतो आणि रसाच्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य बनतं, हे त्याचं कारण. म्हणून बिया आधी काढा, दाब हलका ठेवा, लगेच गाळा. साखरेचा पाक पूर्ण थंड झाल्यावरच रस मिसळा. स्क्वॅशमध्ये रस किमान २५ टक्के आणि ब्रिक्स (म्हणजे मुख्यतः विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) किमान ४० हवं; ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्याच, अंदाजाने जमत नाही. बाटली आठवडाभर ठेवून मग चाखा.

राजीनाम्याआधी सेवेची वर्षं मोजा. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं लागतात, ग्रॅच्युइटीला सहसा सलग ५. थोडेच महिने कमी पडत असतील तर थांबा, खरंच थांबा. वर्षभराचा घरखर्च वेगळा काढा. पीएफचे पैसे यंत्रात घालू नका.