शो मुंबईले, आपण आर्वीले : रॉकवेड्या वाचकांचे प्रश्न

या वेळी डाकेत अन् व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न बहुतेक एकाच जातीचे निघाले, म्हणजे आवडता बँड लाईव्ह पाहायचा आहे, घर विदर्भातल्या खेड्यात आहे, आता कसं करायचं. म्हणून हा अंक त्यांनाच देऊन टाकला. तुरीवरचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ, तूर काही पळून नाही जात.

प्रश्न : भाऊ, मी आर्वी तालुक्यातला, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेपासून एकच बँड ऐकून राहिलो, आता तो नवी मुंबईले येणार म्हणतात. मी आजपर्यंत एकही मोठा शो पाहिला नाही. तिकीट, गाडी, राहणं, काहीच समजून नाही राहिलं, अन् जाणार एकटाच. बाबा म्हणतात सोयाबीनचा पैसा गाण्यात घालायचा नाही. काय करू?

उत्तर : बाबांचं मला पटते, अन् तू चिडून पान उलटवायच्या आधी पुढचं वाच. सोयाबीनचा पैसा सोयाबीनलाच राहू दे. शो आपल्या कमाईनं पाहायचा, शिकवण्या घे, सिझनला एखाद्या कृषी केंद्रात बस, काहीही कर, पण उसनवारी नाही अन् मोबाईलवरचं ते दोन मिनिटात कर्ज देणारं ॲप तर बिलकूल नाही. तिकीट हा खर्चाचा एक तुकडा आहे फक्त. कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड जानेवारी 2025 मधे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला आले तेव्हा तिकिटं 2500 पासून 35000 पर्यंत होती, अन् आपल्यासारख्या लांबून येणाऱ्यानं 2500 वालं जरी घेतलं तरी गाडीभाडं, एका रात्रीची खोली अन् दोन दिवसाचं खाणं मिळून अजून तेवढं तरी लागते असं धरूनच चालायचं. बाबांना हा पूर्ण आकडा कागदावर लिहून दाखव. अर्धा आकडा सांगून गेलेला पोरगा दुसऱ्यांदा विचारायला जाऊ शकत नाही घरात.

आता तारखांचं, कारण आपल्याकडचे पोट्टे फसतात ते इथंच. मोठ्या बँडची तिकिटं फार आधी निघतात, कोल्डप्लेची 22 सप्टेंबर 2024 ला दुपारी 12 वाजता निघाली अन् शो होते 18, 19 अन् 21 जानेवारीला. रेल्वेचं रिझर्वेशन मात्र नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधीच उघडते, पहिले 120 दिवस होते. म्हणजे शोचं तिकीट हातात येते अन् गाडीचं काढताच येत नाही, मग मधे परीक्षा येते, कापूस वेचणी येते, माणूस विसरते, अन् आठवण होते तेव्हा वेटिंग. त्यामुळं ज्या दिवशी शोचं तिकीट निघालं त्याच दिवशी गाडीच्या तारखेपासून 60 दिवस मागं मोजून मोबाईलमधे अलार्म लावून टाक. तत्काळ आदल्या दिवशी उघडते, एसीचं सकाळी 10 ला अन् स्लीपरचं 11 ला, पण त्या भरवशावर हजारोंचं तिकीट काढणं मला तरी झेपत नाही. अन् शोचं तिकीट काढायचं त्या दिवशी गावात बसू नको, ऐन 12 ला रेंज गेली तर रांगेत तुझ्यापुढं लाखभर लोक जाऊन उभे राहतात. आर्वीत, वर्ध्यात, जिथं नेट चांगलं आहे तिथं कोणा दोस्ताकडं बस, आधीच लॉगिन करून ठेव, पैसे एकाच खात्यात आणून ठेव.

जायचं सोपं आहे. एसटीनं वर्धा, तिथून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस, सकाळी ठाण्याला उतर, सीएसएमटीपर्यंत जायचं कामच नाही, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल नेरूळला नेते. परत यायचं थोडं अवघड आहे. लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद करायचा 2000 सालचा नियम आहे, त्यामुळं मोकळ्यावरचे मोठे शो साधारण तोवर आटोपतात, पण दहाला सुटलेला माणूस त्या गर्दीतून वाट काढत स्टेशनवर पोचते तोवर आपल्याकडच्या रात्रीच्या गाड्या बहुतेक निघून गेलेल्या असतात. त्याच रात्रीचं परतीचं तिकीट काढायचं नाही म्हणजे नाही. सकाळची गीतांजली एक्सप्रेस धरायची तर रात्रभर जागरण, नाहीतर वाशी-नेरूळला खोली घे, झोप, अन् दुसऱ्या संध्याकाळच्या विदर्भनं ये. खोली शोचं तिकीट निघालं त्याच आठवड्यात पाहून ठेव, जवळ आलं की भाव काहीच्या काही होतात.

एकटा जाण्याचं टेन्शन मात्र घेऊच नको. ठाण्याच्या लोकलमधे बसलास की तुझ्याच बँडचे काळे टीशर्ट दिसायला लागतात, त्यांच्या मागं मागं चाल, गेट आपोआप येते. पुढं उभं राहायचं असेल तर गेट उघडायच्या आधीच पोचावं लागते, मग ना पाणी ना बाथरूम, जागा सोडली की गेली. अन् मुख्य बँडच्या आधी जे वाजवतात त्यांना पाहून मोबाईल काढून बसू नको. आयर्न मेडन मार्च 2007 मधे बंगलोरला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या आधी आपल्या दिल्लीच्या परिक्रमा बँडनं वाजवलं होतं, अन् त्यानंतर परिक्रमाला थेट इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिव्हलचं बोलावणं आलं. जे लोक तेव्हा बाहेर भेळ खात उभे होते ते अजून सांगतात, आम्ही तिथंच होतो म्हणून.

प्रश्न : मुलगी पुण्याला नोकरी करते. एकाच बँडच्या मागं कधी मुंबई, कधी बंगलोर, कधी दिल्ली. तेच लोक, तीच गाणी, मोबाईलवर फुकट ऐकायला मिळतात. लग्नाचं वय झालं आहे, पाहुणे विचारतात की सुट्टीत काय करते, त्यांना काय सांगावं? (एक आई, ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर : ताई, दुसरीकडच्या कोणी विचारलं असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, पण तुम्ही ब्रह्मपुरीच्या आहात. धान निघालं, दिवाळी झाली की तुमच्याकडं मंडईच्या जत्रा अन् शंकरपटाच्या बैलशर्यती सुरू होतात, वडसाच्या नाटक कंपन्या येतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपते. तुमच्याच घरात चौकशी करा, एका गावात पाहिलेलं नाटक त्याच हंगामात दुसऱ्या गावाला जाऊन पुन्हा कोणी कोणी पाहिलं. सासरे असतील, मामा असतील, कदाचित तुम्ही स्वतः असाल. नाटक तेच, गोष्ट पाठ, तरी स्वेटर-चादर घेऊन मंडपात जाऊन बसायचंच, कारण आज तो नट तो प्रवेश कसा करते, गाणं कुठं लांबवते, वन्स मोअर आला तर काय करते, हे काल पाहून आज समजत नाही. तुमची पोरगी तेच करून राहिली, फक्त तिचा मंडप बंगलोरला आहे.

अन् तीच गाणी म्हणता, तर तसंही नसते. मेटालिका नावाचा अमेरिकन बँड आहे, त्यांनी 2023 पासूनच्या टूरमधे एका शहरात दोन रात्री वाजवायचं अन् दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं घ्यायचं नाही असं ठरवूनच टाकलं. आता ज्याला सगळं ऐकायचं आहे त्यानं दोन्ही रात्री जायचं की नाही? आपल्या दिल्लीच्या इंडियन ओशन बँडला ऐका, रेकॉर्डवर सात-आठ मिनिटांचं गाणं स्टेजवर कुठल्या कुठं जाते, मधेच कोणी एक वाद्य धरते अन् बाकीचे थांबून ऐकत बसतात. फुकटात मोबाईलवर जे ऐकू येते ते एका दिवशी स्टुडिओत वाजलेलं असते, बस.

पाहुण्यांना सांगा की पोरगी कमावते अन् आपल्या पैशानं गाणं ऐकायला जाते. ज्या घराला हे खटकते त्या घरी ती द्यायची का, हेही त्यातच समजून जाते, फायदाच आहे. तुम्ही तिला फक्त दोन गोष्टी मागा, कोणासोबत आहे तो नंबर अन् शोनंतर कुठं मुक्कामाला आहे तो पत्ता. बाकी एकदा तिच्यासोबत जाऊनच या. उभ्याचं नाही, खुर्चीचं तिकीट काढायला सांगा, अन् पहिल्यांदा हिंदीत गाणारा बँड निवडा.

प्रश्न : शो पाहून आलो तर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. हे नॉर्मल आहे का? (पांढरकवडा)

उत्तर : होते बहुतेकांना, पण चांगलं नाही. 85 डेसिबलचा आवाज माणूस आठ तास सहन करू शकते असं मानतात, अन् पुढं दर 3 डेसिबलला तो वेळ अर्धा होत जाते, म्हणजे 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. रॉक शो 100 च्या आसपास किंवा वरच असते अन् चालते दोन तास, आता तूच हिशोब कर. मेडिकलमधे फोमचे इअरप्लग मिळतात, ते दाबून बारीक करून कानात घालायचे अन् फुगेपर्यंत बोट लावून ठेवायचं, गाणं ऐकू येते, फक्त धार कमी होते. आपल्याकडं कापूस मुबलक म्हणून बोळा कोंबून जाणारे पाहिले मी, त्यानं फारसा आवाज अडत नाही. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नको. अन् शिट्टी साधारण एका दिवसात जायला पाहिजे, तुझी दोन दिवस राहिली म्हणजे कान सांगून राहिला, पुन्हा तसं झालं किंवा कमी ऐकू आलं तर सरळ कानाच्या डॉक्टरकडं जा.

प्रश्न : मी इंग्रजी रॉक ऐकतो पण शब्द अर्धे समजत नाहीत. कॉलेजातले हसतात, म्हणतात तू फॅन कायचा. (दारव्हा)

उत्तर : इंडियन ओशनचा 2000 साली आलेला अल्बम आहे, कंदिसा. त्यातलं त्याच नावाचं गाणं म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, अरामाईक-सिरियाक भाषेतली. वीस-पंचवीस वर्षं झाली, शोमधे ते सुरू झालं की अख्खं पब्लिक सोबत गाते. आता त्या पब्लिकमधे अरामाईक किती जणांना येत असेल? हसणाऱ्यांना हे विचार. अन् शब्द समजून घ्यायचेच असतील तर लिरिक्स नेटवर असतात, डिक्शनरी घेऊन बस, माझं निम्मं इंग्रजी असंच झालं.

प्रश्न : लिंकिन पार्कमधे आता बाई गाते. चेस्टर गेला, मग तो बँड तोच कसा? पाहायला जावं का? (चिमूर)

उत्तर : गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै 2017 मधे वारला, त्यानंतर सात वर्षं बँड जवळपास गप्प होता, 2024 ला एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन परत आला. तुला चेस्टरच पाहायचा असेल तर तो आता कुठंच नाही भेटणार, हे कडू आहे पण आहे. इंडियन ओशनचे गायक असीम चक्रवर्ती 2009 च्या डिसेंबरमधे वारले तेव्हा त्या बँडबद्दलही लोक हेच बोलले, पुढं 2013 ला गिटारवाले सुस्मित सेनही बाहेर पडले, बँड अजून वाजवते. उलटंही होते ना. गन्स अँड रोझेस 2012 ला भारतात आला तेव्हा त्यांचा जुना गिटारवाला स्लॅश सोबत नव्हता, किती जण म्हणाले स्लॅश नाही तर कायले जायचं, अन् मे 2025 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर स्लॅश होता. माझं मत विचारशील तर एमिलीची नवीन गाणी आधी ऐक, ती आवडली तर जा. जुन्या गाण्यात फक्त चेस्टर शोधायला जाशील तर पूर्ण दोन तास भांडत उभा राहशील मनातल्या मनात.

प्रश्न : शो कॅन्सल झाला तर? (आर्णी)

उत्तर : तिकिटाचे पैसे परत मिळतात, गाडीचे अन् खोलीचे आपले गेले. मेटालिकाचा भारतातला पहिला शो 28 ऑक्टोबर 2011 ला गुडगावला होता, लोक मैदानात पोचले होते, बॅरिकेड तुटलं अन् शो झालाच नाही, चिडलेल्या पब्लिकनं स्टेजवर मोडतोड केली. दोनच दिवसांनी 30 तारखेला तेच लोक बंगलोरला वाजवून गेले. म्हणून कॅन्सल करता येणारी खोली घ्यायची, अन् दोन शहरात शो असेल तर शक्यतो दुसरं शहर पकडायचं.

प्रश्न : तिकीट भेटलं नाही. एकजण व्हॉट्सॲपवर दुप्पट भावात देतो म्हणून राहिला, तिकिटाचा फोटोही पाठवला. घेऊ का? (मोर्शी)

उत्तर : नको. फोटो म्हणजे तिकीट नाही, गेटवर क्यूआर एकदाच स्कॅन होते अन् तोच फोटो त्यानं अजून किती जणांना पाठवला हे तुला कोण सांगणार. तिकिटं विकणाऱ्या ॲपवर पुन्हा पुन्हा पाहत राहा, शोच्या जवळ कधी कधी थोडी सुटतात. नाहीच भेटलं तर कोल्डप्लेचा 26 जानेवारी 2025 चा अहमदाबादचा शो हॉटस्टारवर लाईव्ह दाखवला होता, तसं काही आहे का पाहा अन् मंडळाचा मोठा स्पीकर मागून आणून दोस्तांना बोलाव. दहाच्या आत संपव फक्त, नियम आपल्यालाही आहे.

प्रश्न : आई दशम्या अन् ठेच्याचा डबा देणार म्हणते. आत नेऊ देतात का? (आर्वीवाल्याचाच दुसरा मेसेज)

उत्तर : बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी गेटवरच ठेवून घेतात, पाण्याची बाटली अन् पॉवर बँकही. तिकिटावरची यादी वाच, फोन पूर्ण चार्ज करून ने कारण तिकीट त्यातच आहे. दशम्या गाडीत खा, उरलेल्या स्टेडियमच्या बाहेर रांगेत संपव. ठेचा मागच्या-पुढच्याला दे, ओळख होते.