सेकंडहँड स्विफ्टची एकच चावी भेटली, खेड्यात स्वस्तात दुसरी कशी बनवायची?

भाऊ, तुम्ही लिहिलं की २०१३ ची स्विफ्ट घेतली, चावी एकच भेटली, शोरूमचा आकडा परवडत नाही आणि गाव दारव्ह्यापासून आत आहे. मी नेरकडचा, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातला. आधी जुन्या मालकाला फोन लावा. दुसरी चावी बरेचदा त्याच्याच कपाटात पडलेली असते, आणि यात फुकटात होणारं काम तेवढंच आहे.

नाहीच भेटली, तर एक समजून घ्या. या गाडीच्या चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत बारीक चिप असते. इग्निशनभोवतीची रिंग ती वाचते आणि नंबर जुळला तरच इंजिन चालतं. म्हणून बसस्टँडसमोर छत्री लावून बसलेला चावीवाला शंभर-दीडशेत जी कापून देतो, ती दार उघडते, इग्निशनमध्ये फिरतेही, पण गाडी चालत नाही. लोक त्याच्यावर चिडतात. त्याचा काही दोष नसतो.

तरी ही बिनचिपची चावी पहिले करून घ्याच. आपल्याकडे चावी हरवण्यापेक्षा गाडीतच राहून दार लॉक होण्याचा घोळ जास्त. जिनिंगवर कापसाचा काटा करायला उतरलात, दार लोटलं, झालं! अशा वेळी पाकिटातली ती चावी काच वाचवते.

चालू करायची चावी हवी असेल तर यवतमाळ नाहीतर अमरावतीला चिपचं काम करणारा गाठा. फोनवरच विचारा, 'चिप कॉपी करता की गाडीत प्रोग्राम करता?' कॉपी म्हणजे तुमच्या चिपचा नंबर कोऱ्या चिपमध्ये उतरवणं. हे स्वस्त पडतं. प्रोग्रामिंगमध्ये स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या खाचेला, मशीन लावून नवी चावी गाडीला ओळखवतात. पैसे जास्त लागतात, पण त्यात बाकीच्या चाव्या गाडीच्या मेमरीतून काढून टाकता येतात. जुना मालक 'हरवली' म्हणतो आणि तुम्हाला पटत नाही, तर इथे कंजुषी करू नका. दाराच्या रिमोटचं काम वेगळं, त्याचे पैसेही वेगळे. मी तर रिमोट सोडूनच द्या म्हणेन. आणि हे सगळं हातात एक चावी असतानाच उरका. तीही गेली की कॉपीचा रस्ता बंद, मग खर्च बराच वाढतो.

ऑनलाइन दोन-तीनशेला जी 'स्विफ्टची चावी' दिसते, ती बहुतेक नुसती खोळ असते. आत चिप नसते.

कागदाचंही बघा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते. म्हणून विक्रीच्या कागदावर 'एकच चावी दिली' असं लिहून घ्या, नव्या चावीचं बिल जपून ठेवा. आरसी न बघता चावी करून देणाऱ्याकडे जाऊ नका. तो तुमच्या गाडीची चावी दुसऱ्या कोणालाही करून देईल.

पैसे देण्याआधी जुनी चावी सोबतच्या माणसाकडे देऊन त्याला गाडीपासून दूर उभं करा. जुनी रिंगजवळ असली तर तिच्याच चिपवर गाडी चालू होते आणि नवी चांगली वाटते. नव्या चावीने तीन-चारदा चालू-बंद करा, दरवेळी थोडा वेळ इंजिन चालू ठेवा, आणि दार असो की डिक्की, जिथे जिथे चावीचं भोक आहे तिथे ती लावून उघडून बघा.