पहिल्यांदाच चिकन जाळी घेताय? एवढं बघा

चिकन जाळी म्हणजे बारीक तार पिळून विणलेली, षटकोनी भोकांची जाळी. ती कोंबड्यांना आत ठेवते. कुत्रा ती फाडू शकतो. नवखे इथेच चुकतात. दिवसाच्या आवाराला ही ठीक, रात्रीच्या खुराड्याला मात्र अर्ध्या इंची वेल्डेड जाळीच लावा, नाहीतर मुंगूस शिरेल.

- पिल्लांसाठी भोक अर्धा इंच, मोठ्या कोंबड्यांना एक इंच चालतं.
- खाऱ्या वाऱ्यात तार लवकर गंजते. विणल्यानंतर जस्त चढवलेली किंवा वर पीव्हीसीचा थर असलेली घ्या.
- खालून उकरून कोणी आत शिरू नये म्हणून जाळी पुरायला जांभ्याच्या कडक जमिनीत चर खणत बसू नका. तळाची फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून वर चिरे ठेवा.

उरलेल्या तुकड्यावर कारल्या-दोडक्याचे वेल छान चढतात.