निवेदिता माने यांचे लोकसभेतील योगदान कसे शोधावे आणि कशाच्या आधारे तपासावे?

तुमचा प्रश्न असा आहे: शिवाजी विद्यापीठात एम.ए.चा प्रकल्प करायचा आहे, विषय इचलकरंजीच्या माजी खासदार निवेदिता माने यांचा संसदीय चर्चांमधील सहभाग. साहित्य कुठे मिळेल आणि योगदान मोजायचे कशाने?

मोजणीपासून सुरुवात करू नका. 'इतके प्रश्न विचारले, इतक्या चर्चांत भाग घेतला' हा आकडा सगळ्यात आधी हाती लागतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. एका लहान पक्षाच्या खासदाराला सभागृहात बोलायला मुळात किती वाव होता, हे आधी काढा. मोठ्या चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो. १९९९ मध्ये त्यांच्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे लोकसभेत ८ सदस्य होते, २००४ मध्ये ९. चार तासांची चर्चा धरली तर २४० मिनिटांतून ५४३ पैकी ८ जणांच्या पक्षाच्या वाट्याला साधारण साडेतीन मिनिटे येतात. अध्यक्ष थोडी सवलत देतात, पण तेवढ्या वेळात पक्षाचा एकच वक्ता उभा राहतो आणि बहुतेक वेळा तो ज्येष्ठ असतो. त्यामुळे मोठ्या चर्चांच्या यादीत नाव कमी दिसले म्हणून 'सहभाग कमी' असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. मतदारसंघातला विषय दिल्लीत मांडायची खरी साधने वेगळी होती: नियम ३७७ (सदस्याला एखादा विषय लेखी निवेदनातून मांडू देणारा), शून्य प्रहर (प्रश्नोत्तराच्या तासानंतरचा वेळ), प्रश्न आणि अनुदानाच्या मागण्यांवरची, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चावरची चर्चा. तुमच्या प्रकल्पाचा कणा यांच्यावरच उभा करा.

नियम ३७७ खाली लोकसभेत दिवसाला २० सदस्यांना विषय मांडता येतो, मजकुराची मर्यादा २५० शब्द. हे निवेदन आधी लेखी द्यावे लागते, म्हणून ते नेमके असते: कोणते गाव, कोणती मागणी, कोणाकडून. कित्येकदा ते वाचलेही जात नाही, पटलावर ठेवले जाते, म्हणजे न बोलता लेखी सादर होते. तुमच्या तक्त्यात 'उच्चारलेले' आणि 'पटलावर ठेवलेले' असे दोन वेगळे रकाने हवेतच.

प्रश्नांचेही तसेच. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी असते, तिथे कोणी बोलत नाही. तारांकित प्रश्नावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, पण प्रश्नोत्तराच्या तासाभरात वीसही प्रश्न क्वचितच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखीच राहतात. शिवाय सारख्या विषयाचे प्रश्न एकत्र जोडले जातात आणि दोन-तीन नावांखाली एकच उत्तर छापले जाते. असा जोडप्रश्न पूर्ण एक धरला की आकडा उगाच फुगतो. पुरवणी प्रश्न मात्र जपून वाचा. तो आयत्या वेळी, मंत्र्याचे उत्तर ऐकून विचारलेला असतो आणि सदस्याचा अभ्यास तिथेच कळतो.

आता साहित्य. संसदेच्या संकेतस्थळावर आणि संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात चर्चांचा मजकूर आहे. तेरावी लोकसभा (१९९९ ते २००४) आणि चौदावी (२००४ ते २००९) अशा दोन्ही उघडा. नावाचा शोध घेताना आडनाव आधी आणि पूर्ण नाव नंतर असा क्रम ठेवून पाहा: माने, निवेदिता संभाजीराव. मतदारसंघ 'इचलकरंजी' असाच घाला. हातकणंगले हा आताचा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनंतरचा आहे, त्या नावाने त्यांची कारकीर्द सापडणार नाही. पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी आणि सहभाग नोंदवते, पण ती २००५ मध्ये सुरू झाली. तेराव्या लोकसभेसाठी तिच्यावर विसंबून चालणार नाही.

सगळ्यात जास्त चुका भाषेमुळे होतात. मूळ प्रतीत हिंदी भाषण देवनागरीत असते, म्हणून इंग्रजी शब्द टाकून शोधले की अर्धे काम निसटते. 'यंत्रमाग' शोधायचा तर पावरलूम, विद्युत करघा, बुनकर हे शब्द घाला, उसासाठी गन्ना, चीनी मिल, पुरासाठी बाढ़. गावांची आणि नद्यांची इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हेने टाकून पाहा, पंचगंगा आणि इचलकरंजी यांच्या बाबतीत तर हमखास. जुन्या प्रतींत हिंदी मजकूर स्कॅन केलेला किंवा जुन्या फॉन्टमध्ये असला तर शोध लागतच नाही. तिथे तारखेने पान उघडून वाचण्याला पर्याय नाही. मराठीत भाषण करायला सभागृहात मुभा आहे, दुभाष्याची सोय व्हावी म्हणून आधी कळवावे लागते. असे भाषण इंग्रजी प्रतीत अनुवाद म्हणून छापतात आणि तशी टीप असते. तो मजकूर त्यांचे शब्द म्हणून अवतरणात देऊ नका.

विषयाप्रमाणे शोधताना त्या काळची सरकारी रचना डोळ्यांसमोर ठेवा. उसाला तेव्हा एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) नव्हती. ती २००९-१० च्या हंगामापासून आली. त्याआधी वैधानिक किमान किंमत, म्हणजे एसएमपी होती. 'एफआरपी' टाकून शोधलेत तर हाती काही लागणार नाही आणि वाटेल की बाई उसावर बोलल्याच नाहीत. साखरेचे प्रश्न कृषी विभागाकडे नसतात, अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे असतात. यंत्रमागासाठी वस्त्रोद्योग मंत्रालय आणि १ एप्रिल १९९९ पासूनची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना पाहा. पण २००३ च्या अर्थसंकल्पात यंत्रमागाच्या कापडापर्यंत आलेली सेनव्हॅटची (केंद्रीय उत्पादन शुल्कातील मूल्यवर्धित कराची) साखळी आणि २००४ मध्ये तिचे ऐच्छिक होणे हा वाद वस्त्रोद्योगाखाली सापडणार नाही. त्यासाठी अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा आणि वित्त विधेयकाची चर्चा वाचावी लागेल. २००५ च्या महापुराचे तेच. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे पाणी जलसंपदा मंत्रालयाकडे, आपत्तीची मदत गृह मंत्रालयाकडे. त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनाचा एकही दिवस वगळू नका.

दोन्ही कार्यकाळ एका मापाने मोजू नका, ही माझी आग्रहाची सूचना. १९९९ ते २००४ मध्ये त्यांचा पक्ष केंद्रात विरोधात होता. २००४ नंतर तो सत्तेत होता आणि कृषी, अन्न व सार्वजनिक वितरण ही खाती शरद पवारांकडे होती. उसाचा प्रश्न विचारायचा म्हणजे स्वतःच्याच पक्षाध्यक्षांना विचारायचा. सत्तेतला खासदार अशा वेळी मंत्र्याला पत्र लिहितो किंवा समक्ष भेटतो, आणि त्याची नोंद चर्चेत उमटत नाही. दुसऱ्या कार्यकाळात आवाज कमी झालेला दिसला तर हे कारण तपासल्याशिवाय काही लिहू नका.

महिला खासदाराचा अभ्यास म्हणून फक्त महिला व बालविकासाच्या चर्चा गोळा करण्याची खोड बऱ्याच प्रबंधांत दिसते. त्या काळात सभागृहात महिला दहा टक्केही नव्हत्या. त्यांना मतदारांनी ऊस, सूत, पाणी आणि रस्ते यांसाठीही पाठवले होते. मंत्रालयवार वर्गवारी करा, म्हणजे चित्र आपोआप स्पष्ट होईल. खासगी विधेयकेही (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) एकदा तपासा, मात्र ती मंजूर झाली नाहीत म्हणून गुण कापू नका. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम १४ विधेयके कायदा झाली आणि १९७० नंतर एकही नाही. त्या चौदांत गढवालमधून निवडून आलेल्या कमलेंदुमती शाह यांचे महिला व बालक संस्थांच्या परवान्याचे विधेयक आहे; १९५३ मध्ये मांडलेले, १९५६ मध्ये कायदा झालेले. तुलनेसाठी ती चर्चा जरूर वाचा.

योगदानाचा खरा कस मंत्र्याच्या उत्तरात लागतो. 'माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल' किंवा 'बाब विचाराधीन आहे' अशी वाक्ये आश्वासन मानली जातात, तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात, आणि सरकारी आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर, आश्वासन आणि पूर्ततेची तारीख असे तीन रकाने ठेवा. असे एखादे आश्वासन शेवटपर्यंत नेऊन दाखवलेत, तर नुसत्या शंभर प्रश्नांच्या यादीपेक्षा त्याचे मोल मोठे आहे.

दहा वर्षांचा सगळा मजकूर एम.ए.च्या मुदतीत वाचून होणार नाही. दोन्ही लोकसभांतली प्रत्येकी तीन अधिवेशने निवडा, त्यांत अर्थसंकल्पी अधिवेशन हवेच, आणि ती का निवडली ते पहिल्या प्रकरणात लिहा. तारखा हाती आल्या की विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात आणि कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन त्या दिवसांच्या स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली मिळतात का विचारा. सभागृहातला मुद्दा आणि गावातले आंदोलन यांची सांगड त्यातून लागते. संदर्भ देताना लोकसभा क्रमांक, अधिवेशन, तारीख आणि चर्चेचा प्रकार लिहा. छापील खंडांवर इंग्रजी तारखेबरोबर शकाची तारीखही असते, त्या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. संकेतस्थळावरची प्रत असंपादित असेल तर तसे नमूद करा. कामकाजातून वगळलेला शब्द वृत्तपत्रात सापडला, तरी तो चर्चेचा भाग म्हणून उद्धृत करू नका.