आधी पाकीट टाक

नोव्हेंबर 2025

अगं,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. "ताई, मी व्हिसावर, कंत्राट जुलैत संपतंय. संपाच्या या मतदानात मी आपली तटस्थच राहते." तटस्थ! फोन केला असता तर ओरडले असते, म्हणून लिहितेय.

संघटना का हवी, हे तुला सांगत बसत नाही. गावाकडच्या कॉलेजात सीएचबीवर घासलेली पोरगी तू. तासामागे पैसे, सुट्टीत शून्य, आणि मानधन कधी निघेल ते ऑफिसच्या क्लार्कलाही ठाऊक नाही. नोकरीची शाश्वती नसते तेव्हा काय होतं, हे तूच मला शिकवशील.

पण इथली, ब्रिटनमधली, मेख वेगळी आहे. 2016 च्या ट्रेड युनियन अ‍ॅक्टनं अट घातली की निम्म्या सभासदांनी तरी मत द्यायला हवं, नाहीतर संपाला कायद्याचं संरक्षण नाही. तेही टपालानं. फोनवर बँक चालते, पण संपाचं मत लाल पेटीतच पडलं पाहिजे! समजा, सभासद हजार आहेत. 499 जणांनी मत दिलं आणि झाडून सगळे 'हो' म्हणाले, तरी खेळ खलास. मग पाचशेवा आला आणि त्यानं 'नाही'वर फुली मारली, की मतदान वैध आणि संपाचा रस्ता मोकळा. म्हणजे विरोधकाचं मतसुद्धा संपाच्या कामी येतं आणि घरात पडलेलं मतपत्रिकेचं पाकीट मात्र मालकाच्या. आता तुझी तटस्थता यात कुठे बसते, ते मला दाखव. (समुद्रापलीकडे उत्तर आयर्लंडात, बेलफास्टला ही अट नाही. तिथल्या सहकाऱ्यांचा मला कायम हेवा वाटतो.)

'हो' म्हण की 'नाही' म्हण, मी विचारणारही नाही. पण पाकीट टाक.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये यूसीयूच्या, म्हणजे विद्यापीठातल्या आपल्या संघटनेच्या, मतदानात 58 टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिलं आणि देशभरची विद्यापीठं हलली. वर्षभरानं, 2023 मध्ये, मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश संपाच्या बाजूनं होते, पण मत दिलं किती जणांनी? 43 टक्क्यांच्या आसपास. सगळं मुसळ केरात. विरोधकांनी हरवलं नाही गं आम्हाला, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर न फोडलेल्या पाकिटांनी हरवलं.

तू म्हणशील, लोक थकले होते. होतेच. त्याच वर्षी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पेपर तपासणीवर बहिष्कार होता. कुठे निम्मा पगार कापला, कुठे पूर्ण. माझाही कापला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातात पदवीदान समारंभात निकालाशिवायचा कागद पडला. तिच्या आईनं मला मांडवाबाहेर गाठून विचारलं, "यात माझ्या मुलीचा काय दोष?" काही नव्हता. त्याचं वाईट आजही वाटतं. तरी सांगते, पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तपासणार नाही. हट्टी म्हण हवं तर. त्या मुलीला शिकवणारे आम्ही निम्मे लोक दर जुलैला नोकरी शोधत होतो, हे तिच्या आईला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि संपानं काही मिळत नाही म्हणणाऱ्यांनी यूएसएसचं, म्हणजे विद्यापीठातल्या लोकांच्या पेन्शन फंडाचं बघावं. 2022 ला कापलेले लाभ एप्रिल 2024 पासून परत आले. फंडाची तब्येत सुधारली होती हे खरं, पण आम्ही रस्त्यावर नसतो तर ती सुधारणा कुणाच्या खिशात गेली असती?

असो. तू विचारलंस व्हिसाचं, आणि मी माझंच पुराण लावलं.

मत गुप्त असतं. मोजणी स्वतंत्र संस्था करते, तुझी फुली कुठे पडली हे तुझ्या विभागप्रमुखाला कळत नाही. आणि उद्या संप झालाच, तर कायदेशीर संपातले बिनपगारी दिवस व्हिसाच्या गैरहजेरीच्या मर्यादेत धरायचे नाहीत, ही सवलत 2018 पासून आहे. सलग चार वर्षं कंत्राटावर ठेवलं, तर सबळ कारण दाखवल्याशिवाय त्यांना तुला तात्पुरती म्हणता येत नाही, हा कायदा तर 2002 चा. ही भीती घालतं कोण तुला? चहाच्या वेळी कुजबुजणारे तेच ना, जे यंदाच्या 1.4 टक्के पगारवाढीवरही कुरकुरतात आणि पाकीट मात्र फोडत नाहीत?

आता कामाचं. सप्टेंबरात तू घर बदललंस. संघटनेकडे नवा पत्ता दिलास का? नसशील, तर तुझं पाकीट जुन्या घराच्या दारात जाहिरातींखाली पडलं असणार. आजच शाखेला कळव, दुसरं मागून घे. महिनाअखेरीला मतदान बंद होतंय, आणि मोजतात ते पोचलेलं पाकीट, पेटीत टाकलेलं नव्हे. म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

आणि तो वर्कलोडचा तक्ता पाठव. अडीच हजार शब्दांचा निबंध वाचून, शेरे लिहून वीस मिनिटांत संपवायचा, असं त्यात म्हटलंय म्हणालीस ना? आपण दोघी घड्याळ लावून बसू आणि खरे आकडे लिहून काढू. शाखेच्या पुढच्या बैठकीत तू मांड, मी शेजारी बसेन.

तुझी,
ताई